ख्रिस्ती गूढवाद आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय

ईश्वराचे सान्निध्य केवळ बुद्धीने मान्य करण्याची गोष्ट नसून ते अंतःकरणात प्रत्यक्ष अनुभवता येते, ही धारणा आणि त्या अनुभवाकडे नेणारी प्रार्थनेची साधना यांना मिळून ख्रिस्ती गूढवाद असे म्हणतात. या अनुभवाची दोन लक्षणे ख्रिस्ती परंपरेत आवर्जून सांगितली जातात. पहिले असे, की तो साधकाच्या प्रयत्नाचे फळ नसून ईश्वरी कृपेचे दान असतो. साधना ही त्या दानासाठी मनाची भूमी तयार करते एवढेच. दुसरे असे, की त्यात आत्मा ईश्वराशी एकरूप होतो तो प्रेमाने, तत्त्वाने नव्हे. निर्माता आणि निर्मित यांच्यातील भेद परमोच्च अवस्थेतही पुसला जात नाही. अद्वैत वेदान्ताच्या परिभाषेत वाढलेल्या मराठी वाचकाने हा मुद्दा आरंभीच ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कारण पुढे मराठीत जे ख्रिस्ती भक्तिवाङ्मय निर्माण झाले, त्याच्या यशाचे आणि मर्यादांचेही मूळ येथेच आहे.

या गूढवादाचे स्थूलमानाने दोन प्रवाह मानता येतात. एक नकारात्मक मार्ग : ईश्वराविषयी जे जे म्हणता येईल ते ते अपुरे आहे, म्हणून शब्द, प्रतिमा व कल्पना एकेक टाकीत निःशब्दतेत शिरावे, असा त्याचा उपदेश. इ. स. ५०० च्या सुमारास डायोनिशियस या नावाने लिहिणारा अज्ञात ग्रंथकार, जर्मनीतील माइस्टर एक्हार्ट (सु. १२६०–१३२८), चौदाव्या शतकातील एका अनामिक इंग्रज लेखकाचा ‘अज्ञेयाचा मेघ’ हा ग्रंथ आणि स्पेनमधील सेंट जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–९१) ही या मार्गाची प्रमुख नावे. दुसरा मार्ग प्रतिमेचा. ख्रिस्ताचा जन्म, त्याचे दुःखभोग, त्याचे क्रुसावरील मरण ही दृश्ये डोळ्यांपुढे उभी करून त्यांत मनाने वावरायचे. असिसीच्या सेंट फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे गव्हाणीचे दृश्य उभे केले, ते याच वृत्तीतून. सेंट इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात तिला शिस्तबद्ध रूप दिले. साधकाने प्रथम प्रसंगाचे स्थळ मनात रचावे, मग पाचही इंद्रियांनी त्या प्रसंगात शिरावे आणि शेवटी मित्र मित्राशी बोलतो तसे ख्रिस्ताशी बोलावे, अशी त्याची पद्धती आहे. पूर्वेकडील चर्चमध्ये रूढ असलेला येशूनामाचा अखंड जप नामस्मरणाशी परिचित असणाऱ्या मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल; परंतु महाराष्ट्रात आलेले मिशनरी पश्चिमेकडील होते आणि तो जप त्यांच्याबरोबर आला नाही.

परिभाषेची एक अडचण येथेच नोंदविली पाहिजे. बाराव्या शतकातील ग्विगो या कार्थुसियन मठाधिपतीने प्रार्थनेच्या शिडीच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटची पायरी, जिच्यावर विचार थांबतो व आत्मा नुसता पाहत राहतो. या शेवटच्या पायरीला मराठीत काय म्हणावे? ‘चिंतन’ म्हटले तर ते विचाराकडे झुकते. ‘ध्यान’ म्हटले तर योगशास्त्रातील धारणा, ध्यान, समाधी ही सबंध मालिकाच मागून येते, आणि ‘समाधी’ म्हटले तर द्वैत सुटल्याचा भास होतो. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘मनन’ व ‘ध्यान’ हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी वापरलेले आढळतात. ही केवळ शब्दांची ढिलाई नव्हे. ज्या पायरीचा अनुभव भाषेत फारसा उतरलाच नाही, तिच्यासाठी वेगळा शब्द घडण्याचे कारण पडले नाही.

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने होतो. स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झाला, १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला आणि साष्टी भागात त्याने चार दशके काढली. त्याचे पुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे ‘पैले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग असून जोसेफ साल्दान्हा यांनी मंगळूर येथे १९०७ मध्ये काढलेल्या आवृत्तीप्रमाणे ओवीसंख्या १०,९६२ भरते. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले. तेव्हापासून मराठी समीक्षेने या ग्रंथाची थोरवी मुख्यतः भाषेच्या अंगाने वर्णिली आहे : परक्या माणसाने आत्मसात केलेली ओवी, मराठीची त्याने गायिलेली महती, संतकवींशी असलेले साम्य. हे सारे यथार्थ आहे. तथापि या तुलनेत एक गोष्ट झाकली गेली. स्टीफन्सने ‘वैकुंठ’, ‘परमेश्वर’, ‘मोक्ष’ हे शब्द घेतले, छंद घेतला, श्रोता-वक्ता संवादाचा घाट घेतला. साधनापद्धती मात्र घेतली नाही. ती त्याची स्वतःची, म्हणजे इग्नेशियसची होती.

‘दुसरे पुराण’ या दृष्टीने वाचून पाहावे. ख्रिस्तजन्म, त्याचे चमत्कार, अखेरचे दुःखभोग या प्रसंगांवर कवी रेंगाळतो. स्थळ, माणसे, हालचाल, विलाप असे थर रचीत जातो आणि श्रोत्याला त्या ठिकाणी नेऊन उभे करतो. अलंकारहौस म्हणून या वर्णनांची बोळवण करणाऱ्यांनी हे विसरू नये, की जेझुइट संघातील प्रत्येक उमेदवाराला तीस दिवसांच्या मौनात नेमकी हीच साधना करावी लागे. जे एका साधकाने एकांतात, गुरूच्या देखरेखीखाली करायचे, ते स्टीफन्सने सबंध गावाला एकत्र बसवून ओवीच्या चालीवर करविले. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘ख्रिस्तपुराणा’चे खरे धाडस हे आहे. त्याचे मोलही द्यावे लागले. पुराणाचा श्रोता ऐकतो, गहिवरतो. परंतु इग्नेशियसच्या पद्धतीत शेवटी जो एकट्याचा संवाद येतो, त्याला येथे पुरेशी जागा उरत नाही. वक्ता सर्वांच्या वतीने बोलतो.

नकारात्मक मार्गाचा मागमूस स्टीफन्समध्ये नाही, याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. सेंट जॉन ऑफ द क्रॉस याचे लेखन प्रथम छापले गेले ते १६१८ मध्ये, म्हणजे ‘ख्रिस्तपुराणा’नंतर दोन वर्षांनी. शिवाय स्वतःला साक्षात्कारी म्हणविणाऱ्या गटांमुळे त्या काळचे चर्च एकांतातील मौनप्रार्थनेकडे संशयाने पाहत होते. धर्मशिक्षण नव्याने घेणाऱ्या समाजाला शब्द टाकून द्या असे सांगणे कोणत्याही मिशनऱ्याला परवडणारे नव्हते. स्टीफन्सनंतर एत्येन द ला क्रुवा (१५७९–१६४३) या फ्रेंच जेझुइटाने १६२९ मध्ये सेंट पीटरवर पुराण रचले. त्यात खंडनमंडनाचा आवेश इतका आहे की गूढवादाच्या अभ्यासकाला तेथे थांबण्याचे कारण नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि हा प्रवाह तेथे आटला.

उत्तर कोकणची कथा वेगळी आहे. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे आली आणि वसईपासून केळवे-माहीम, तारापूर, डहाणूपर्यंतची किनारपट्टी, म्हणजे बरीचशी आजच्या पालघर जिल्ह्याची (स्थापना २०१४), त्यांच्या उत्तर प्रांतात मोडू लागली. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन अशा चार संघांची चर्चे होती. त्यांचे भग्नावशेष आजही दिसतात. या मठांत दिवसाचे ठराविक प्रहर मौनात आणि स्तोत्रपाठात जात असले पाहिजेत. पण त्या जीवनातून मराठीत एकही साधनाग्रंथ उतरलेला दिसत नाही. वसईने जगाला जो संत दिला, तो गोन्सालो गार्सिया (१५५७–९७), नागासाकी येथे क्रुसावर गेलेला फ्रान्सिस्कन बंधू. तो हुतात्मा होता, ध्यानमार्गी नव्हे, आणि वसईच्या भाविकांच्या स्मरणातही तो तसाच आहे.

या भागाची खरी साधना आढळते ती फ्रान्सिश्कु व्हाझ द गिमारॅन्श या धर्मगुरूच्या पुराणात. ख्रिस्ताच्या दुःखभोगांवरील हे काव्य १६५९ चे असून ते उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीच्या अगदी जवळ जाते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रण झाले. उपवासकाळात ते गायिले जाई. काव्यगुणांत ते स्टीफन्सच्या खूप मागे आहे. रचना सैल आहे, पुनरुक्ती फार आहे. म्हणून वाङ्मयेतिहासात त्याला एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. परंतु साधनेचे पुस्तक म्हणून पाहिले तर पुनरुक्ती हा त्याचा दोष राहत नाही. जपमाळ पुनरुक्तच असते. शेतकरी, कोळी, वाडवळ अशा ज्या लोकांना लॅटिन उपासना कळत नव्हती, त्यांच्यासाठी ख्रिस्ताच्या मरणापाशी मनाने जाऊन बसण्याचे हे साधन होते. १७३९ मध्ये मराठ्यांनी तारापूर आणि मागोमाग वसई घेतल्यावर वैतरणेच्या उत्तरेस जुनी ख्रिस्ती वस्ती फारशी उरली नाही. वसई परिसरात ती टिकली. ग्रंथ लिहिणारे निघून गेले आणि गाणारे मागे राहिले.

पुढचा टप्पा प्रॉटेस्टंट मराठीचा. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामाच्या वाटेने आलो असे ते सांगत. हे विधान बहुधा भावनिक म्हणून वाचले जाते. ते काटेकोर अर्थानेही खरे आहे. तुकारामाने मुक्तीपेक्षा भक्ती थोर मानली, पुन्हा जन्म मागितला, देव आणि भक्त यांतील अंतर जपले. प्रेमाचे ऐक्य व तत्त्वाचे ऐक्य यांतील जो भेद ख्रिस्ती गूढवादाचा प्राण आहे, तो मराठीत आधीच तुकारामाने बोलून ठेवला होता. स्टीफन्सला ओवी सापडली. टिळकांना अभंग सापडला. या दोहोंतील फरक छंदाचा नाही. ओवी कथा सांगते, अभंग ‘मी’ बोलतो. ‘अभंगांजली’तील टिळक ख्रिस्ताला गुरू म्हणतात, माउली म्हणतात, त्याच्याशी हट्ट करतात. स्टीफन्सच्या पुराणात जो एकट्याचा संवाद राहून गेला होता, तो तीनशे वर्षांनी येथे उमटला.

असे असूनही टिळकांची कविता गूढवादाच्या एका अवघड वळणावर थांबते. सेंट जॉनने ज्याला काळोखी रात्र म्हटले, त्यात ईश्वर स्वतःच दूर होतो आणि साधकाजवळ भक्तीचा गोडवाही शिल्लक राहत नाही. तुकारामात ही रात्र आहे, आणि भयंकर आहे. टिळकांत विरह आहे, पण त्या विरहाला उत्तर मिळणार याची खात्री पहिल्या चरणापासूनच असते. हा त्यांच्या श्रद्धेचा नितळपणा असेल; काव्याच्या दृष्टीने ती उणीव आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास संन्यस्त वृत्तीने राहू लागले व ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंस्था त्यांनी सुरू केली. या अखेरच्या दोन वर्षांत त्यांचा अंतर्मार्ग कोठे वळला असता हे त्यांच्या मृत्यूमुळे अपुरेच राहिले. लक्ष्मीबाईंनी ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले, पण ते पुन्हा कथाकाव्य होय.

पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात १९०५ मध्ये सामुदायिक प्रार्थनेतून जी आवेशपूर्ण जागृती झाली, ती भावावेशाच्या परंपरेत बसते, ध्यानाच्या नव्हे. टिळकांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघाने आणि त्याच्या पुण्यातील आश्रमाने मात्र मौन, साधेपणा व भारतीय उपासनारीती यांना एकत्र आणले. रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रातील गूढवादावरचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ १९३३ चा. त्याचा आवाका ज्ञानेश्वरांपासून रामदासांपर्यंत आहे. स्टीफन्स-टिळकांची साखळी त्या चौकटीबाहेर राहिली आणि पुढील अभ्यासकांनी ती चौकट बहुतांशी तशीच ठेवली.

निःशब्दतेचा मार्ग महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने आला तो अँथनी डिमेलो (१९३१–८७) या मुंबईत जन्मलेल्या जेझुइटाबरोबर. पुण्यात सुरू झालेली आणि पुढे लोणावळ्यास गेलेली त्याची साधना संस्था व १९७८ चे ‘साधना’ हे पुस्तक यांनी श्वास, शरीराची जाणीव, कल्पनाचित्र आणि भक्ती अशा क्रमाने अभ्यास घडविला. यात इग्नेशियस आहे, विपश्यनाही आहे. त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व परिषदेने त्याच्या काही मतांविरुद्ध सूचना प्रसिद्ध केली. आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत आहे, परंतु पुढे ईश्वराचे व्यक्तिरूप धूसर होत गेले, असा तिचा आशय. एक्हार्टच्या काही वचनांचाही निषेध १३२९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतरच झाला होता. नकारात्मक मार्गावरील लेखकांच्या वाट्याला हे येते, कारण ‘ईश्वर असा नाही’ आणि ‘ईश्वर नाही’ यांतील अंतर ऐकणाऱ्याला नेहमीच कळते असे नाही. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : डिमेलोने हे सारे इंग्रजीत लिहिले.

मराठीतील ख्रिस्ती गद्याला अलीकडच्या काळात प्रतिष्ठा मिळाली ती वसईमुळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या लेखनात संतवाङ्मय आणि बायबल सहजपणे शेजारी बसतात. तरी ते लेखन मुख्यतः उद्बोधकाचे आहे. त्याचा रोख समाजाकडे असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनच्या जागी प्रमाण मराठी उपासनेत आली. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरात मात्र कादोडी बोलली जाते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत निरनिराळ्या भाषांचे ख्रिस्ती कामगार येऊन राहिले आहेत, तर तलासरीकडे वारली बोलणारे ख्रिस्ती आहेत. या सर्वांसाठी प्रार्थनापुस्तकातील ‘ध्यान’, ‘मनन’, ‘सायुज्य’ हे शब्द घरचे नाहीत. मनुष्य मनाशी ज्या भाषेत बोलतो ती वेगळी आणि ज्या भाषेत त्याला अंतर्मुख व्हायला सांगितले जाते ती वेगळी. गिमारॅन्शचे ओबडधोबड पुराण या किनाऱ्यावर उपवासकाळ येताच पिढ्यानपिढ्या गायिले गेले, ते लोकांच्या स्वतःच्या बोलीतून.