गोळ्या मोजल्या, दुखणं राहिलं

पेपर हातात घेतला की निष्कर्षाकडे धावायच्या आधी एक प्रश्न विचारायचा : यांनी नेमकं मोजलं काय? आज त्याचंच एक उदाहरण बघू. विषय आहे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं जुनाट दुखणं.

नागपूरकरांना ही शस्त्रक्रिया नवी नाही. नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत ती करून घेतली, तेव्हा त्याच्या बातम्या भरपूर आल्या होत्या. किती किलो उतरले यावर सगळे बोलतात. पण कंबर आणि गुडघे आधीपासूनच दुखत असतील तर नंतर काय, हा प्रश्न मागे पडतो.

अडचण अशी आहे. बायपासमध्ये जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून लहान आतड्याला जोडतात. आतड्याच्या त्या भागाला आम्लाची सवय नसते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं शरीरातले प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. त्याने दुखणं कमी होतं, पण अस्तराचं संरक्षणही त्यानेच घटतं. मग जोडावर व्रण, रक्तस्राव, कधी थेट छिद्र. म्हणून अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की ही औषधं शक्यतो टाळा आणि पर्याय शस्त्रक्रियेच्या *आधी* ठरवा. स्लीव्हमध्ये असा जोड नसतो, त्यामुळे तिथलं धोक्याचं गणित वेगळं.

आता पेपर. मार्शा रेबेल आणि सहकाऱ्यांचा, 'जामा', २०१३. शस्त्रक्रिया झालेले ११,७१९ रुग्ण. त्यांपैकी ९३३ जण, म्हणजे ८ टक्के, आधीपासूनच दीर्घकाळ ओपिऑइड, म्हणजे अफूच्या कुळातली वेदनाशामकं, घेत होते. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात त्यांतल्या ७७ टक्क्यांचं औषध तसंच सुरू राहिलं. गटाचा रोजचा डोस पहिल्या वर्षी १३ टक्क्यांनी आणि तीन वर्षांत १८ टक्क्यांनी वाढला. वजन जास्त उतरलेल्यांत आणि कमी उतरलेल्यांत फरक दिसला नाही.

पेपरची ताकद मान्य करायलाच हवी. नमुना मोठा आहे, 'दीर्घकाळ' म्हणजे काय याची व्याख्या स्पष्ट आहे आणि 'वजन उतरलं की दुखणं जाईल' या सोप्या समजुतीला त्याने धक्का दिला.

पण निष्कर्षात लेखक म्हणतात की या रुग्णांचं वेदना-व्यवस्थापन सुधारायला हवं. असेलही तसं. मात्र वेदना मोजलीय कुठे? मोजल्यात त्या दुकानातून दिल्या गेलेल्या गोळ्या. डोस वाढण्याची कारणं निदान तीन असू शकतात : नेहमीची वेदनाशामकं बंद झाली म्हणून ओपिऑइड वाढलं, औषधाचं शोषण बदललं, किंवा शरीराला त्याची सवय झाली. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि हा डेटा त्यांतलं एकही वेगळं काढून दाखवत नाही. शिवाय तुलना त्याच रुग्णांच्या आधीच्या वर्षाशी आहे. तेवढ्यावरून 'शस्त्रक्रियेमुळे वाढलं' असं म्हणता येत नाही.

हाच आराखडा उचलून नागपुरात लावू, असं कुणाच्या सिनॉप्सिसमध्ये येत असेल तर जरा थांबा. मेडिकल, मेयो किंवा एम्सचे केसपेपर गोळा केले, तरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय परस्पर घेतलेली स्ट्रिप त्यात दिसणार नाही. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस कायद्याखाली आहे, म्हणजे ओपिऑइडचा रस्ता आपल्याकडे अरुंदच. त्यामुळे इथे खरा धोका न दिसणाऱ्या डायक्लोफिनॅकचा असावा, असा माझा अंदाज आहे. 'पेनकिलर घेऊ नका' एवढंच सांगितलेला माणूस रात्री गुडघा ठणकला की कॉम्बिफ्लाम घेतो, कारण त्याच्या लेखी ती साधी तापाची गोळी. तिच्यात पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग अभ्यास कसा हवा? वेदना ० ते १० च्या पट्टीवर शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ठरावीक काळाने विचारा. सोबत जिने चढता येतात का, मांडी घालून बसता येतं का, हेही विचारा. बायपास आणि स्लीव्ह यांची नोंद वेगळी ठेवा. घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून आणायला सांगा आणि त्यांतले घटक स्वतः वाचा. पॅरासिटामॉल, लावायचं जेल, फिजिओथेरपी, ड्युलोक्सेटिन यांपैकी कोणता पर्याय *आधी* ठरला होता आणि तो कागदावर लिहून दिला होता का, हे तपासा. हा शेवटचा प्रश्न विचारायला खर्च जवळपास नाही, आणि रुग्णाच्या सर्वांत जास्त कामाचं उत्तर बहुधा त्यातूनच मिळेल.

तुमच्या विषयातला सर्वाधिक उद्धृत होणारा एक पेपर आज काढा आणि दोनच ओळी लिहा : शीर्षकात काय आहे, तक्त्यात काय मोजलंय. दोन्हींत अंतर दिसलं, तर तुमचा संशोधन-प्रश्न कदाचित तिथेच असेल.