पाठ केलेलं स्मरणचित्र

मंडळी, आजचा विषय 'माध्यमिक शाळेतले ऐच्छिक विषय आणि कला' असा छापलाय. त्यातल्या 'ऐच्छिक' या शब्दापाशी मी जरा रेंगाळणार आहे. इच्छा नेमकी कोणाची, एवढंच मला विचारायचंय.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिल्या असतील. कला संचालनालय त्या घेतं. त्यात एक पेपर असतो स्मरणचित्राचा. नाव किती छान आहे बघा! डोळ्यांनी पाहिलेलं आठवायचं आणि कागदावर उतरवायचं. आता आपल्या रत्नागिरीतली मुलं काय काढतात? सरावाच्या वह्या मी बऱ्याच चाळल्यात. फुगेवाला, बसथांबा, भाजीवाली. फुगेवाला डावीकडे, आई आणि मूल उजवीकडे, मागे एक झाड. दहा वह्या उघडल्या तर दहांत तेच झाड. अहो, यातली एक मुलगी मिरकरवाड्याची! मासळीचा लिलाव, बर्फाची गाडी, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं ती रोज बघते. पण काढत नाही, कारण सरावाच्या पुस्तकात ते चित्र नाही. स्मरणचित्र पाठ करून काढायचं, हा खास आपला शोध. (हशा)

हसताय, पण दोष त्या मुलीचा नाही. कलाशिक्षकाचाही फारसा नाही. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात : 'अ'ला ७, 'ब'ला ५, 'क'ला ३. हेतू चांगलाच होता, कलेची किंमत वाढावी असा. पण मग पालक विचारतात, 'सर, ग्रेड मिळेल ना?' अशा वेळी शिक्षक मुलीला जेटीवर कशाला पाठवेल? लिलावाच्या गर्दीत चित्र फसलं तर? फुगेवाला फसत नाही.

आता गावाकडे चला. शिमग्यात नमनाला मृदंग वाजवणारा दहावीतला पोरगा. गण, गवळण, संकासुराचं सोंग, पुढचा वग, रात्रभराचा सगळा क्रम त्याच्या हातात बसलेला. शाळेत तोच 'अभ्यासात कच्चा'. शिमगा आणि दहावीचे पेपर तर बहुतेक वर्षी एकमेकांच्या अंगावरच येतात. लोककलेलाही गुण आहेत, नाही असं नाही. पण त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. सहाणेसमोर वाजवणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार, गुरव?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत नको. वाचायला फार बरं वाटतं. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची काढून बघा. सहावी ते आठवीला शंभराहून जास्त मुलं असतील, तर कलेला, शारीरिक शिक्षणाला आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक. अंशकालीन! भाषा, गणित-विज्ञान, समाजशास्त्र यांना मात्र शिक्षक. मग मुलाने 'निवड' कशातून करायची? वेळापत्रकात जो तास उरेल त्यातून. तोही दिवाळीनंतर गणिताला जातो. माझ्या मुलाच्या शाळेत गेला, तेव्हा एकाही पालकाने तक्रार केली नाही. मीही नाही केली.

दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. आपण पेढे वाटतो, वाटायलाच हवेत. त्या पेढ्यांत चित्रकलेचे किती तास गेले, हे कोणी मोजत नाही.

मला विचाराल तर ते सात गुण काढून टाका. हे बोलणं सोपं आहे, मला कल्पना आहे. एखाद्या मुलीची पुढच्या प्रवेशाची यादी त्या सात गुणांवर अडते. तिला हे ऐकवायची माझी हिंमत नाही. म्हणून निदान एवढं तरी व्हावं : स्मरणचित्राच्या सरावाला वर्षातून चार वेळा मुलांना वर्गाबाहेर न्या. जेटीवर, एसटी स्टँडवर, आठवडा बाजारात. वही न्यायची नाही. नुसतं बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात काढायचं. चित्रं वाईट येतील. पहिली दोन वर्षं ग्रेडही घसरतील.

मागच्या रांगेत एक कलाशिक्षक बसलेत, ते मघापासून मान हलवतायत. सर, या ना पुढे, माईक घ्या.