‘सुडौल’ की सबळ? : स्त्रियांच्या बलसंवर्धनविषयक एका कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :
स्त्रियांच्या व्यायामाविषयी बोलताना ‘शरीर सुडौल व्हावे, पण पिळदार दिसू नये’ ही अट वारंवार घातली जाते. पुरुषासाठी पिळदार, दणकट, भरदार. स्त्रीसाठी सुडौल, सडपातळ, कमनीय, अशी विशेषणांची वाटणीच भाषेने करून ठेवली आहे. व्यायामशाळांच्या जाहिरातींतून रूढ झालेला ‘टोनिंग’ हा शब्द याच वाटणीचा नवा अवतार होय. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा शरीरशास्त्रीय व सामाजिक अंगांनी परामर्श घेतला आहे.

शरीरशास्त्रीय बाजू :
शरीरशास्त्रात ‘टोन’ म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेतही स्नायूंत असणारा सौम्य ताण. जाहिरातीत ज्याला टोन म्हटले जाते, तो पुरेसे स्नायू आणि त्वचेखालील मर्यादित चरबी यांचा दृश्य परिणाम असतो. त्यामुळे स्नायू मुळीच न वाढवता ‘टोन’ मिळवण्याची अपेक्षा आत्मविसंगत ठरते. हलक्या वजनांनी बांधा सुडौल व जड वजनांनी पुरुषी होतो, हा समजही टिकत नाही. स्नायू पुरते थकेपर्यंत व्यायाम केल्यास दोन्ही प्रकारांत स्नायूंची वाढ जवळपास सारखीच होते. ताकद मात्र जड वजनांनी अधिक वाढते. शिवाय प्रौढ पुरुषातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण स्त्रीच्या सुमारे १५ पट असते. शरीरसौष्ठवपटूसारखा देह घडण्यास वर्षानुवर्षांचा विशिष्ट सराव व हेतुपुरस्सर वाढवलेला आहार लागतो. तो अपघाताने घडत नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण :
पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. स्नॅचमध्ये ७० व क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे एकूण १५३ किलो वजन तिने उचलले. तिचा वजनगट होता ४५ किलोचा. वजनगटाच्या खेळात शरीराचे वजन जाणीवपूर्वक मर्यादित राखले जाते, हे खरे. परंतु ताकद आणि आकारमान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून निर्विवादपणे दिसते.

सामाजिक बाजू :
मग भीती नेमकी कशाची? जासईसारख्या उरण-पनवेल परिसरातील गावांत आगरी-कोळी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या भाताचे भारे, मिठाच्या व मासळीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या. त्या ओझ्याने त्यांचे दंड राठ होतील, अशी चिंता समाजाने केल्याचे दिसत नाही. तेच वजन मुलीने स्वतःच्या बळासाठी उचलले की तिच्या स्त्रीत्वाचा प्रश्न उपस्थित होतो. म्हणजे आक्षेप वजनाला नाही, हेतूला आहे. ‘टोन’ची भाषा स्त्रीला बळ मिळवण्याची मुभा देते, पण ते दिसणार नाही या अटीवर. अर्थात कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. कष्टात भार क्रमाने वाढत नाही आणि विश्रांतीही हाती नसते. म्हणून पूर्वापार कष्टांचे गौरवीकरण हे या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

समारोप :
या गैरसमजाची किंमत मोठी आहे. तारुण्यात कमावलेले हाडांचे व स्नायूंचे बळ उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज होऊ लागते तेव्हा, उपयोगी पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान २ दिवस सर्व प्रमुख स्नायूंचे बलवर्धक व्यायाम सुचवले आहेत. त्यात स्त्रियांसाठी निराळी, सौम्य अट नाही. महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र वेळ, प्रशिक्षित मार्गदर्शन व क्रमशः वाढणारा भार यांची व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. मात्र ‘तुम्ही जाड दिसणार नाही’ अशी हमी देऊन त्यांना तेथे बोलावू नये. त्या हमीत जुनीच अट दडलेली आहे. आपण किती सबळ झालो, हे मोजण्याची सवय त्यांना लागली, तर सुडौलपणाचा प्रश्न आपोआप दुय्यम ठरेल.