सुंदर चित्र की खरा उजेड?

वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या कमानीखाली उभे राहिले की डोळ्यांना सावलीतले दगड दिसतात आणि बाहेरचे लख्ख आकाशही. कॅमेऱ्याला एका फोटोत दोन्ही साधत नाहीत. म्हणून आम्ही कॅमेरा स्टँडवर ठेवून १/१५, १/६० व १/२५० सेकंदाचे तीन फोटो घेतले; दरवेळी प्रकाश सुमारे चौपट कमी. ‘ल्युमिनन्स एचडीआर’ या मोफत सॉफ्टवेअरने ते छान जोडले.

खरी परीक्षा पुढे आहे. उजेडातला एवढा मोठा फरक संगणकाच्या पडद्यावर बसवायचा कसा? त्यातील ‘ड्रॅगो’ पद्धत (२००३) सगळ्या चित्राला लॉगरिदमवर आधारलेला एकच नियम लावते. चित्र थोडे फिके वाटते, पण मुळात जास्त उजळ ते जास्त उजळच राहते. ‘फताल’ पद्धत (२००२) शेजारच्या बिंदूंमधले मोठे फरक अधिक दाबते. दगडाची भेग न् भेग उठून दिसते. परंतु सावलीतली भिंत आकाशाशी स्पर्धा करू लागते! भिंतीवर लावायला हा फोटो उत्तम. मात्र त्यावरून प्रकाश कुठे जास्त होता हे ठरवणारा विद्यार्थी फसेल.

म्हणून शाळेसाठी आमची पसंती ‘ड्रॅगो’ला. मुलांना मूळ तीन फोटोही द्या. उजेडाचा क्रम टिकला का, हे त्यांनाच पडताळू द्या.