मैना आणि वालूबाई

पोटासाठी मुंबई गाठलेल्या सातारकराची तळमळ मराठीत सर्वांत रसरशीतपणे कोणी गायिली असेल, तर ती शाहीर अण्णा भाऊ साठे यांनी. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली त्यांची 'माझी मैना' ही छक्कड आमच्या सातारा-सांगलीकडच्या जुन्या माणसांना अजून हलवून सोडते. मुंबईला गेलेला गडी, गावी राहिलेली त्याची बायको आणि दोघांची ताटातूट, एवढाच विषय. पण शाहीर तिथे थांबत नाहीत. मराठी मुलखाच्या ताटातुटीचे दुःख ते याच विरहात मिसळून टाकतात. घरगुती दुःखाला राज्याएवढे मोठे करणे हे काही लहानसहान प्रतिभेचे काम नव्हे.

परंतु या उपमेची एक अट आहे. मैनेने गावातच राहिले पाहिजे. ती भूमी झाली, आणि भूमी काही चालत नाही. मैना गाठोडे बांधून नवऱ्यामागे मुंबईला निघाली, तर छक्कड तिथेच संपेल!

प्रत्यक्षात ती निघाली. खुद्द शाहिरांच्या घरातून निघाली. अण्णा भाऊंचा जन्म १९२० सालचा, वाटेगावचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली पडले. १९३० नंतरच्या एक-दोन वर्षांत साठे कुटुंब मुंबईला निघाले, ते पायी. आई वालूबाईही त्यात होत्या. पोराबाळांसह सह्याद्री उतरून मावळतीकडे चालत गेलेल्या त्या माउलीचे धैर्य मैनेच्या विरहाहून उणे कसे मानावे?

योगायोग पाहा. १९३२ साली अमेरिकेत लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे पहिले पुस्तक निघाले. पुढल्या पुस्तकांतून, छपराच्या गाडीत बसून पश्चिमेकडे संसार नेणारी त्यांची आई तिकडे घरोघर ओळखीची झाली. तिचे धैर्य खरे. ती जमीन आधी दुसऱ्यांची होती, हेही खरे. आमच्या बायांनी कोणाची जमीन घेतली नाही. त्यांनी चाळीतली एक खोली भाड्याने घेतली आणि तिचे घर केले.

ते शहर होते पुरुषांचे. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशेसुद्धा बायका नव्हत्या. तिथे कोणी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली, कोणी खानावळ काढली. एकाच खोलीत चूल, पोरे आणि पंगतीला बसलेले गावचे गडी. त्यांचा पगार होईपर्यंत किराणा उधारीवर आणि वर सावकाराचे व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा त्यांना बँकेचे दार उघडले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणाऱ्यांचा पगारच थांबला आणि त्याची झळ या चुलींनाही लागली.

बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य गोळा करून गावच्या बाईचा आवाज जपला, हे त्यांचे थोर ऋण. पण चाळीच्या खोलीत जाते मांडायला जागा कुठली? तिथल्या बाईची ओवी कोणी टिपायची? गिरणगावावर लिहिताना आपण बहुधा भोंगा, मोर्चा आणि पुढारी पाहतो. मोर्चाला जाणाऱ्याचा डबा कोणी भरला, हे लिहायचे राहून जाते. छक्कडीला विरहाची एक घडी पुरते. डब्याचा हिशोब मांडायला मात्र कादंबरीचाच पैस हवा.

मैनेला गाणे मिळाले, ते योग्यच झाले. वालूबाईंच्या वाटेने गेलेल्या बायांची कादंबरी मात्र लिहायला हवी, आणि तिचा कच्चा माल अजून घराघरांत आहे. या दिवाळीत फराळाला बसाल, तेव्हा घरातल्या थोरल्या बाईला एवढेच विचारा : "आजी, तू पहिल्यांदा मुंबईला कशी गेलीस गं?" आणि मग मध्ये बोलू नका.