मुठीत मावणारं पुणं

पुण्यात पाहुणा आला की त्याला आधी शनिवारवाडा दाखवायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे बघायचे, तटावर चढायचं. मग आत उतरलं की पाहुणा हमखास विचारतो, ‘वाडा कुठे आहे?’ वाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत गेला. जोती राहिली, कारंज्यांचे हौद राहिले, तट राहिला. राज्य कुठून चालायचं हे त्या जोत्यांवरून कळतं. पण त्या काळची माणसं पान कशात ठेवत, केस कशाने विंचरत, टाचा कशाने घासत, हे तिथला एकही दगड सांगत नाही. ते जाणून घ्यायचं असेल, तर पाहुण्याला घेऊन बाजीराव रस्त्याने नातूबागेत यावं, राजा दिनकर केळकर संग्रहालयात.

या संग्रहात वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या असतात. दिवे, दारं, वाद्यं, कुलपं, दौती, गंजिफा, चित्रकथीची चित्रं, स्वयंपाकघरातली भांडी असं पुष्कळ काही. पहिल्या खेपेला मी सगळं बघितलं आणि घरी आल्यावर मला काहीच आठवेना. तेव्हापासून मी एका वेळी एकच कपाट बघते. सगळ्यात जास्त वेळा बघितलेलं कपाट वज्र्यांचं.

वज्री म्हणजे अंघोळ करताना टाचा घासायचं साधन. खाली पसरट तळ, त्यावर उभ्याआडव्या रेघा पाडून आणलेला खरखरीतपणा आणि वर धरायला मूठ. काम तेवढंच. खरबरीत दगडानेही ते होतं आणि कितीतरी घरांत तसंच होत असे. तरीही या पितळी वज्र्यांवर कुणीतरी जीव ओतलेला आहे. कुठे मुठीच्या जागी पाखरांची जोडी बसलेली, कुठे मोर. काहींच्या पोटात खडे घातलेले, म्हणजे घासताना खुळखुळ आवाज व्हावा.

मी ज्या वज्रीपाशी नेहमी थांबते, तिच्यावरच्या पाखराने मान मागे वळवून चोच पाठीवर टेकवली आहे. आधी वाटलं, डौल म्हणून केलं असेल. मग मनातल्या मनात ती वज्री धरून पाहिली. चोच सरळ पुढे काढली असती, तर ओल्या हाताला ती टोचली असती. मान वळवल्यामुळे टोक आत गेलं आणि मानेच्या कमानीत बोट अडकवायला जागा झाली. कारागिराने पाखराचा डौल आणि हाताची सोय एकाच वळणात साधली. मला कलेतलं जे काही थोडं कळतं, त्यातलं बरंच मी या वळणापाशी शिकले.

आणखी एक गोष्ट. जुन्या घरातलं न्हाणीघर हे बहुतेक काळोखी. पाहुण्याची पावलं तिथे वळत नाहीत. तिथली वस्तू सजवून कुणाला दाखवायची? मिरवायला तर ती नव्हतीच. वाकून, एकटीने, रोज करायच्या एका कंटाळवाण्या कामात तेवढीच गंमत असावी, म्हणून कुणीतरी बोटांना नक्षी दिली आणि कानांना खुळखुळाट दिला. त्या पाखराच्या पाठीवरची पिसं आता पुसट झाली आहेत. मानेच्या आतल्या बाजूला, जिथे अंगठा पोचत नाही तिथे, ती अजून स्पष्ट आहेत. पितळ एवढं गुळगुळीत व्हायला किती सकाळी लागल्या असतील!

एकदा आईला घेऊन गेले होते. कपाटासमोर ती काही बोलली नाही. तिचा उजवा हात मात्र आपोआप उपडा झाला, बोटं वळली आणि हात पुढे-मागे हलला. मग म्हणाली, ‘आमच्याकडची याहून जड होती गं. आवाज यायचा.’ काचेआडच्या वज्रीचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, तो तिच्या हातातून.

अडकित्त्यांच्या बाबतीत सौंदर्य वेगळ्या वाटेने येतं. वज्री बसून असते, अडकित्ता हलतो. दोन दांडे, एक खीळ, लोखंडी पातं. सुपारी पात्याखाली आली की दांडे मिटतात. घडवणाऱ्याने ही उघडमीटच चित्रात घेतली आहे. समोरासमोर पाखरं कोरलेली असली, तर दांडे मिटताना ती एकमेकांजवळ येतात आणि पुढच्या सुपारीसाठी पुन्हा दूर होतात. जेवणानंतर बैठकीत बसल्या बसल्या माणसाच्या हातात हा खेळ चालू राहायचा. म्हणून अडकित्ता बघताना तो मनातल्या मनात उघडावा आणि मिटावा. नुसता बघितला तर अर्धाच दिसतो. फण्यांमध्येही अशीच हुशारी आहे. धातूच्या काही फण्यांची पाठ पोकळ ठेवून तिच्यात तेल भरायची सोय केली आहे.

यातल्या कुठल्याही वस्तूवर करणाऱ्याचं नाव नाही. मेणावर घडवून ओतलेल्या पितळेचा तर साचाही मागे उरत नाही. मेणाची आकृती करायची, तिच्यावर माती लिंपायची, भाजताना मेण वितळून जातं, त्या पोकळीत रस ओतायचा आणि शेवटी माती फोडायची. दुसरं पाखरू हवं असेल, तर पुन्हा मेणापासून सुरुवात. त्यामुळे जोडीच्या दोन वस्तूंतही थोडा फरक पडतो आणि तो फरक हीच काय ती त्या कारागिराची सही.

हे सगळं गोळा करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे कवी होते आणि कवितेसाठी त्यांनी घेतलेलं नाव होतं ‘अज्ञातवासी’. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रह सुरू केला. ज्या काळात लोक अशा वस्तू मोडीत देत होते, त्या काळात ते पत्नी कमलाबाईंच्या साथीने देशभरातून त्या आणत राहिले. गुजरात, राजस्थान, दक्षिण, सगळीकडून. तलवारी आणि तख्तं जमवणारे पुष्कळ असतात. पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दिवे आणि वज्र्या जमवायला कवीच लागतो, असं मी मनापासून मानते. ज्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत, त्यांच्या हातची कामं एका अज्ञातवासीने सांभाळली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं. पुढे हा सारा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मस्तानी महाल बघायला इथे गर्दी होते. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून केळकरांनी हे दालन उभं केलं. ते वाचलं हे मोठंच काम झालं, आणि बाजीराव-मस्तानीच्या ओढीने माणसं आत येत असतील तर आनंदच आहे. तरी मला विचाराल तर झुंबराखाली दहा मिनिटं पुरेत. उरलेला वेळ वज्र्यांना द्या.

जाताना घरातलं एखादं वडीलधारं माणूस बरोबर न्या आणि त्याच्या हातांकडे लक्ष ठेवा. बाहेर पडलात की लगेच रिक्षा करू नका. कसबा पेठेतली तांबट आळी तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांबट राहतात. हंड्यावर एकेक ठोका मारत मठारकाम करणारे हात तिथे अजून आहेत आणि त्यांना त्यांची नावं विचारता येतात.