मत्स्यविनोद आणि मराठी गद्य

गेल्या आश्विनांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा गृहस्थ चार-पांच वर्षें येथेंच, हिंजवडीच्या संगणकनगरींत, नोकरीस होता. पुढें त्याच्या कंपनीनें त्यास अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत पाठविलें. एरवीं त्याचें लिहिणें दोन ओळींत आटोपतें. ह्या खेपेस मात्र चार पानें भरून मजकूर होता, आणि चारहि पानांचा विषय एकच: मासे धरणें. मिल लॅक्स नांवाचें दोनशें चौरस मैलांहून विस्तृत असें एक सरोवर तिकडे आहे. त्यांत वॉलआय नांवाचा मासा असतो. आणि आमचा हा विद्यार्थी, ज्याच्या घरीं चातुर्मासांत कांदाहि येत नसे, शेजाऱ्याच्या होडींत बसून संध्याकाळभर त्या माशाच्या पाळतीवर असतो.

ह्या उद्योगाबद्दल त्याला दोष देण्याचा किंवा शाबासकी देण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें लक्ष गुंतलें तें पत्राच्या भाषेंत. त्यानें वर्णिलेली युक्ति थोडक्यांत अशी. होडी माणसाच्या रमतगमत चालीपेक्षांहि हळू चालवावयाची आणि मागें दोरी सोडून ठेवावयाची. दोरीच्या टोंकाशीं दोन आंकडे असतात व त्यांवर एक लांबलचक गांडूळ ताणून ओंवलेलें असतें. आंकड्यांच्या पुढें रंगीत मण्यांची लहानशी माळ, माळेच्या पुढें धातूचें पातळ पातें, आणि त्याच्याहि पुढें शिशाचें वजन. तें तळाला मधूनमधून टेकत जातें. होडी चालूं लागली कीं पातें दोरीभोंवतीं गरगर फिरूं लागतें. तें गोल असेल तर थोड्या वेगांतहि फिरतें आणि पाण्याला जोराचा थरका देतें. लांबट असेल तर त्यास वेग अधिक लागतो, मात्र तें चमकतें फार. गढूळ पाण्यांत पहिलें, निवळ पाण्यांत दुसरें. वॉलआयच्या डोळ्यांत, मांजराच्या डोळ्याप्रमाणें, प्रकाश परत फेंकणारा एक पडदा असतो. त्यामुळें दिवस मावळतांना, किंवा वाऱ्यानें लाटा उठून पाण्यांतला उजेड मोडला म्हणजे, तो भक्ष्याच्या शोधास निघतो. कारण त्या घटकेस भक्ष्याला दिसेनासें झालेलें असतें आणि त्याला दिसत असतें.

हा शेवटचा विचार विद्यार्थ्याचाच आहे. आम्हीं तो तीन वेळां वाचला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत इतकें स्वच्छ वाक्य त्यानें कधीं लिहिलें नव्हतें. परंतु आम्हीं वर दिलेला सारांश आमच्या शब्दांत आहे, मूळ पत्रांत दर ओळीला ट्रोलिंग, स्पिनर, ब्लेड, हार्नेस असे शब्द पेरलेले होते, आणि शेवटीं एक प्रश्न होता: "सर, ह्या सगळ्याला मराठींत काय म्हणतात? कीं आपल्याकडे कोणी असें कधीं लिहिलेंच नाहीं?"

प्रश्नाचा उत्तरार्ध आम्हांस अधिक बोंचला.

कोणी लिहिलें नाहीं असें म्हणवत नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इसवी सनाच्या बाराव्या शतकांत, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांस हा ग्रंथ परका नाहीं. महाराष्ट्रांतल्या स्त्रिया कांडतांना ओवी गातात हें सांगणारा तो हाच. श्रीगोंडेकरांनीं संपादिलेली त्याची प्रत बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून क्रमशः निघाली. त्याच्या विनोदविंशतींत हत्ती-घोड्यांचे, मल्लांचे, कोंबड्यांच्या झुंजीचे विनोद सांगतां सांगतां राजा मत्स्यविनोदापाशीं येतो. मासे समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणत्या माशाला कोणता चारा रुचतो, गळाची दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, हें सारें तो इतक्या बारकाईनें सांगतो कीं, प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं ह्या एका प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला. राजानें हें दुसऱ्याच्या तोंडून ऐकून लिहिलें असेल असें वाटत नाहीं. माशाची निवड करून त्याच्या आवडीचा चारा वळणें ही गोष्ट ज्यानें पाण्याच्या कांठीं तासन् तास काढले असतील त्यालाच सुचते.

आतां ह्याच विंशतींत थोडें पुढें गीतविनोदाचें प्रकरण आहे, आणि तेथें निरनिराळ्या देशभाषांतील पद्यें दिलीं आहेत. त्यांत मराठीहि आहे. आपल्या भाषेच्या अगदीं जुन्या वाङ्मयीन अवशेषांत त्या ओळींची गणना होते. आणि त्या ओळींत काय आहे? मासाच आहे! परंतु तो मत्स्यावतार आहे. रसातळांतून वेद वर आणणारा. एकाच ग्रंथांत, एकाच राजाच्या पदरीं, मासा दोन वाटांनीं गेला. गळाला लागणारा, चारा हुंगणारा मासा संस्कृतांत राहिला. मराठीच्या वाट्याला आला तो देव झालेला मासा.

ह्या योगायोगाला आम्ही फार महत्त्व देत आहों असा आक्षेप येईल. येवो. पुढच्या शतकांतलें आपलें वाङ्मय काढून पहावें. जळावेगळ्या मासोळीची तळमळ संतांच्या अभंगांतून शेंकडों ठिकाणीं आली आहे आणि ती तळमळ खरी आहे. परंतु ती मासोळी कोणत्या जातीची, तिला खवले होते कीं नव्हते, ती डोहांतली कीं वाहत्या धारेंतली, हें विचारण्याची सोय नाहीं. तेथें तें विचारणें अरसिकपणाचेंच होईल. दोष संतांचा नव्हे. दोष त्यांच्यामागून आलेल्या आम्हां गद्य लिहिणारांचा कीं, रूपक वापरून वापरून गुळगुळीत झाल्यावरहि आम्हीं मूळ प्राण्याकडे वळून पाहिलें नाहीं. आधुनिक मराठी गद्यांत मासा भेटतो तो बहुधा पानांत वाढलेला. त्या विषयावर आपले लेखक फारच सुंदर लिहितात.

इंग्रजींत ह्याच्या उलट स्थिति आहे, हें प्रत्येक पदवीधर वॉल्टनचें नांव घेऊन सांगेल. आयझॅक वॉल्टनचा ग्रंथ १६५३ चा. त्याचें कौतुक करतांना कुरणें, गवळणी, गाणीं ह्यांचाच उल्लेख फार होतो. आमचें मत थोडें निराळें आहे. वॉल्टन हा कांहीं थोर तज्ज्ञ नव्हे. कृत्रिम माशीनें मासे धरण्याचा भाग त्यानें बराचसा टॉमस बार्करकडून घेतला, आणि १६७६ च्या आवृत्तींत त्या विषयावर चार्ल्स कॉटननें निराळा खंड जोडला. तरी वॉल्टन टिकला. चबसारखा हलका समजला जाणारा मासा कसा धरावा व कसा भाजावा, हें सांगतांना त्याच्या वाक्यांत जी आस्था उतरते ती तीनशें वर्षांत विटलेली नाहीं. गवळणी नसत्या तरी चाललें असतें.

पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें वॉल्टनपेक्षां अधिक जवळचा ग्रंथ मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याचा. त्याचें 'द रॉड इन इंडिया' १८७३ सालीं निघालें. ग्रंथाचा नायक महसीर. मेलेला लहान मासा आंकड्यांवर असा बांधावयाचा कीं पाण्यांतून ओढतांना तो फिरत यावा. किंवा त्याऐवजीं चमच्यासारखें धातूचें पातें लावावयाचें. आमच्या विद्यार्थ्याच्या मिनेसोटांतील युक्तीची ही सख्खी चुलत बहीण. टॉमसच्या गद्यांत साहेबी ऐट आहे, थट्टा मधूनमधून लांबते, आणि चाकरमाणसांविषयींचा त्याचा सूर आज वाचवत नाहीं. परंतु नद्यांतल्या पिलांचा बेसुमार नाश होतो आहे म्हणून सरकारापुढें कळकळीनें लिहिणारांत तो अगदीं आघाडीचा होता. माशाकडे ज्यानें निरखून पाहिलें त्यालाच मासा कमी होत असल्याचें आधीं दिसलें, ह्यांत नवल नाहीं. कॉर्बेटच्या १९४४ च्या नरभक्षकांच्या पुस्तकांतहि एक प्रकरण महसीरचें आहे. मराठी वाचकांनीं त्याचे वाघ आपलेसे केले. त्या माशाची आठवण किती जणांस आहे?

येथें कोणी म्हणेल कीं, गळ टाकणें हा रिकाम्या साहेबांचा छंद. आमच्याकडे तो एक तर भोई-कोळ्यांचा पोटाचा धंदा, नाहीं तर पाप. देहूच्या डोहांतले मासे वारकरी मारीत नाहींत, त्यांना चुरमुरे घालतात. आक्षेप वजनदार आहे आणि आम्ही तो उडवून लावीत नाहीं. प्रस्तुत लेखकानें स्वतः आयुष्यांत गळ हातीं धरलेला नाहीं, आणि आतां धरण्याचें वयहि नाहीं. परंतु चुरमुरे घालणाऱ्यालाहि समोर आलेला मासा कोणता हें ओळखूं येण्यास हरकत कसली? आणि ज्यांचा तो पोटाचा धंदा होता त्यांच्या तोंडीं शब्द होतेच. ते आम्हीं घेतले नाहींत. घेतले एका परक्यानें.

कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा नोकर दख्खनची मोजदाद करीत हिंडला, आणि येथल्या माशांचें वर्णन त्यानें लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळापुढें ठेवलें. १८३९ सालीं तें छापलें गेलें. नव्या जातींस लॅटिन नांवें देतांना त्यानें कोळ्यांच्या तोंडचे शब्द, आपल्या इंग्रजी कानाला जसे ऐकूं आले तसे, उचलले. कोलस, पोटेल, नुक्ता, सिंघाला आणि खुद्री: हे शब्द आज जगांतल्या प्रत्येक मत्स्यसंग्रहालयाच्या बाटल्यांवर वाचावयास मिळतील. खुद्री म्हणजे आपला दख्खनी महसीर. साइक्सला तो मिळाला मुळा-मुठेच्या पाण्यांत, पुण्याच्या पूर्वेस.

ही मुळा आमच्या हिंजवडीच्या दक्षिणेकडून वाहते. वरच्या अंगास मुळशीचें धरण. त्याच्याविरुद्ध १९२१ पासून सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला, तें सर्वश्रुत आहे. खालच्या अंगास उन्हाळ्यांत जलपर्णीनें झांकलेला काळसर प्रवाह, आणि पुलावरून जातांना नाकाला लावावा लागणारा रुमाल. आमचा विद्यार्थी पांच वर्षें ह्या पुलावरून रोज गेला. खुद्री हा शब्द त्यानें ऐकलेला नव्हता. त्याला बोल लावण्यांत अर्थ नाहीं, कारण त्याला मराठी शिकविणारा मी. आणि मलाहि तो शब्द पन्नाशी उलटल्यावर एका इंग्रजी पुस्तकांत भेटला.

खुद्रीची पुढची कथा तर कादंबरीला लाजवील अशी आहे. महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय-संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं ह्या माशाच्या अंड्यांचा व पिलांचा बारकाईनें अभ्यास केला, आणि १९७० नंतरच्या दशकांत टाटांच्या लोणावळ्याच्या वलवण तळ्याकांठीं त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. तेथून पिलें दूरदूर गेलीं. कांहीं कावेरींत सोडण्यांत आलीं आणि तीं तेथें फोफावलीं. इतकीं कीं, कावेरीचा स्वतःचा, पाठीवर मदार असलेला अजस्र महसीर मागें हटत गेला. त्या मूळ रहिवाशाचें शास्त्रीय नांव कोणतें हें २०१८ सालीं, म्हणजे तो नष्ट होण्याच्या काठावर आल्यावर, निश्चित झालें: टॉर रेमादेवी. वांचविण्यासाठीं वाढविलेला आपला मासा दुसऱ्याच्या घरीं आक्रमक ठरला. ह्या एका हकीकतींत करुणा आहे, उपरोध आहे, माणसाच्या सद्हेतूची फजिती आहे. आमच्या पाहण्यांत आलेले तिच्याविषयींचे सारे निबंध इंग्रजींत आहेत. लिहिणारांत कुलकर्णी व ओगले हीं अस्सल मराठी नांवें असूनहि.

अपवाद सांगितला पाहिजे. मारुती चितमपल्ली यांच्या नवेगांवबांधच्या लेखनांत तळ्याचें पाणी, पक्षी आणि ढीवर लोकांचे शब्द एकत्र नांदतात. आणि तें गद्य वाचतांना ज्ञानाचा भार जाणवत नाहीं. अशीं आणखी चार पुस्तकें असतीं तर विद्यार्थ्याला समुद्रापलीकडून शब्दांसाठीं पत्र लिहावें लागलें नसतें. कोंकणांत गरी आणि गरवणें हे शब्द अजून जिवंत आहेत. खाडीकांठचें पोर 'गरवायला जातों' म्हणतें, आणि त्या एका क्रियापदांत इंग्रजी 'अँगलिंग' सगळें बसतें. मराठींत शब्द नाहींत ही ओरड आम्हांस नेहमींच संशयास्पद वाटते. शब्द असतात; लिहिणारा कांठावर गेलेला नसतो.

विद्यार्थ्याला आम्हीं उत्तर लिहिलें. फिरणाऱ्या पात्यास 'भिंगरी' म्हणावें, होडीमागें दोरी ओढीत नेण्यास 'ओढीवर गरवणें' म्हणावें, असें सुचविलें. दुसरा शब्द जरा अवजड आहे हें आमचें आम्हांसच कळत होतें. लांबट पात्याचें इंग्रजी नांव विलो झाडाच्या पानावरून पडलें आहे. त्या झाडाचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे नदीकांठचा वाळुंज, तेव्हां त्यास 'वाळुंजपातें' म्हटल्यास कसें, असेंहि विचारलें.

त्याचें उत्तर परवां आलें. भिंगरी त्याला एकदम पटली. ओढीचा शब्द त्यानें मोठ्या अदबीनें नापसंत केला आहे. सरोवर आतां गोठलें, होडी घरीं आणून ठेवली. वाळुंज त्यानें कधीं पाहिलेला नाहीं. तो मुळेच्या कांठीं अजून कोठें उभा आहे का, एवढें त्यास कळवावयाचें आहे. येत्या रविवारीं सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं घोटावड्यापर्यंत जाऊन पाहून येण्याचा विचार आहे.